इंजिन कोणी बसवलं?

सत्य कधी ना कधी उघडकीला येतंच, अशी धाकट्याची श्रद्धा होती. दहा नंबरचा पाना हाताशी असला तर जरा लवकर येतं, एवढंच. वडील गेले आणि त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल सुरूच होईना, तेव्हापासून दोघा भावांचं फाटलं होतं.

"पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळता पिदडलीस. इंजिन जाम करून तूच बसवलंस!"

"मी? चोराच्या उलट्या बोंबा!"

इतक्या वर्षांनी धाकट्याने गाडी शेडमधून ओढून काढली आणि थोरल्याच्या नाकासमोर इंजिन उघडलं. पिस्टनवर साधा ओरखडा नव्हता; इंजिन बसलंच नव्हतं. धाकट्याचं डोकंच फिरलं. त्याने सायलेन्सर हिसकून काढला, तर आतून बनियनचा बोळा निघाला.

"उंदीर शिरू नयेत म्हणून ह्यांनी कोंबला होता," आई दारातून म्हणाली. "मला कोणी विचारलं?"

सगळं परत जोडल्यावर गाडी पहिल्याच किकला फटफटली. थोरल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो बनियन उलगडून, लालबुंद होऊन बघत होता.

"हा माझा आहे! आणि मी ढापला म्हणून तू तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंस!"

"माझाच आहे तो! आण इकडे!"

गाडी परत शेडमध्ये गेली.