पाकळी पडेपर्यंत

गावच्या देवळात गुरवकाकांनी रवळनाथाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि मोबाइल समोरच्या खांबाला टेकवून ठेवला. इकडे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, क्षिप्रा स्क्रीनला डोळे लावून बसली होती. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विश्वाच्या जन्मावर संशोधन करायला तिला जर्मनीत बोलावलं होतं, उत्तर आजच कळवायचं होतं, आणि गावच्या देवाचा कौल मिळाला तरच जायचं, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. बाईसाहेब तेव्हा तोऱ्यात हो म्हणून बसल्या होत्या. फिफ्टी-फिफ्टी तर आहे, यार!

पाकळ्या काही हलेनात. मग बापलेकीची जुंपलीच, रोजच्यासारखी. श्यामकांत सांख्यिकी खात्यातले, आकड्यांवरच पोट. त्यांचं म्हणणं, विश्वाच्या नियमांतले आकडे केसभर इकडेतिकडे असते तर एक तारा पेटला नसता. हे सगळं देवाशिवाय, आपोआप जुळून यायची शक्यता ती असून असून किती असणार? क्षिप्रा उसळली. ज्या विश्वात जुळलं नाही तिथं हा प्रश्न विचारायला कोण बसलंय? जुळलं तिथंच आपण, मग नवल कसलं? नुसते कण आणि त्यांचे नियम, बस्स. बोलताना तिचे हात असे उडत होते, की आईने चहाचा कप उचलून लांब ठेवला.

"आणि तुमचा कौल! उजवा पडला तरी देव आहे, डावा पडला तरी देव आहे. दोन्हीकडून तेच निघतं, तर तो पुरावा कसा, बाबा?"

"मग तू पुरावा कशाला म्हणशील?"

"देव नसता तर जे झालंच नसतं, त्याला."

श्यामकांत खूश झाले. मुद्दा बिनतोड होता, आणि पोरगी त्यांची होती.

तेवढ्यात पाकळी पडली.

"डावो," गुरवकाका हळूच म्हणाले.

खरं तर क्षिप्राने हसायला हवं होतं. ओल वाळली, पाकळी गळली, एवढंच तर झालं. पण तिचे डोळे भरून आले आणि असा काही संताप आला, की विचारू नका. जो नाहीच, त्याच्यावर चिडायचं तरी कसं?

श्यामकांतांनी आजवर कौल कधी मोडला नव्हता. लग्न, बदली, घर, सगळं त्या देवाला विचारून. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. त्यांनी हात जोडले.

"काका, आता गाऱ्हाणं घाला," ते म्हणाले. "देवाला सांगा, पोर निघालीच आहे. तिला सांभाळ."