उशिरा पोचणारा करंट

"तूप हवं की नको, एवढं सांगायला हिला अर्धा तास. वरण गार झालं," आजी पुटपुटली आणि रेणूच्या भातावर तिनंच तूप वाढलं.

सात वर्षांच्या रेणूच्या मेंदूला जन्मताना प्राणवायू कमी पडला होता. डॉक्टर काय म्हणाले ते घरात फक्त तिच्या बापाला कळलं, कारण तो वायरमन: आतल्या वायरींवरचं पांढरं आवरण नीट बसलंच नाही, करंट पोचतो, पण उशिरा. बाकीचे तिची वाक्यं पुरी करत. तो मात्र हातात घास धरून थांबे.

"शाळेसाठी काय आणू गं?" त्यानं रेणूला विचारलं.

"बूट," आईनं घाईनं सांगितलं. "यंदा चालेल ती."

मागच्या तीन जोड्यांचे तळ अजून कोरे होते.

"मी तिला विचारलंय. थांबा, करंट निघालाय."

रेणूचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आजीनं तुपाचा चमचा खाली ठेवला.

"बूट नको," रेणू एकेक शब्द ओढून आणत म्हणाली. "मी चालणार नाही, आई. चाकांची खुर्ची आणा. लाल."