सैतानाच्या घशापाशी

उद्यानातली पायवाट चढताना झेनाइदे दर वळणावर दम खायला थांबत होती. वाटेत कोआटी नावाच्या लांब नाकाच्या एका प्राण्याने तिच्या हातातला चीजचा पाव पळवला, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "बघ म्हाताऱ्या, तुझाच भाऊ. विचारायची पद्धतच नाही." वाल्मोर हसला, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून जे सांगितलं होतं, ते तो आठवडाभर पोटात ठेवून होता.

सैतानाचा घसा म्हणतात त्या कड्यापाशी धबधब्याचं पाणी असं कोसळत होतं, की शेजारच्याची हाकही ऐकू येईना. "अगदी आमच्या गिरणीतलं माग-खातं," झेनाइदे त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. तिचा जन्म मागावर गेला होता.

वाल्मोरला राहवेना. त्या आवाजाच्या आडोशाने, तिच्याकडे बघतच, त्याने सगळं बोलून टाकलं. तिचा आजार, औषधाचा आता उपयोग नाही ते, आणि रुमालाने तोंडावरचं पाणी पुसत, उरलेले महिनेही. झेनाइदे नुसती हसली. त्याला जरा हलकं वाटलं.

परतीच्या बसमध्ये तिने त्याचा ओला हात हातात घेतला.



"तू ट्रकवाला, तुला काय माहीत. मागांच्या खडखडाटात आम्ही बायका एकमेकींचे ओठ वाचूनच गप्पा मारायचो. फक्त महिने किती म्हणालास, तेवढं परत सांग. तेव्हा रुमाल आडवा आला."