पुढची सीट

अंगणात दोन बादल्या ठेवत शिवांजली म्हणाली, "एवढ्या पाण्यातच भागवायचं बघ."

शेजारच्या राजेश्वरीनं पदर खोचला. दहिवडीतलं गाड्या धुवायचं दुकान पाण्यावाचून बंद पडलं होतं, टँकरचा भरवसा नव्हता, आणि उद्या सकाळी आटपाडीला शिवांजलीच्या भावाचा साखरपुडा होता. माहेरच्या दारात असली मातकट गाडी उभी करायची तिला लाज वाटत होती. शिवांजलीचा नवरा विश्वजीत गाडीची किल्ली टेबलावर ठेवून मोटरसायकलवरून आपल्या ठिबक सिंचनाच्या दुकानात गेला होता.

राजेश्वरीला कुणी बोलावलं नव्हतं. भिंतीपलीकडून बादल्यांचा आवाज ऐकून ती आपणहून आली होती. घरातल्याच जिनसांनी गाडी कशी लख्ख करायची ते मोबाइलवर बघितलंय, म्हणाली.

स्वयंपाकघरात शिरून तिनं खायचा सोडा, लिंबं, शाम्पूच्या पुड्या, टूथपेस्ट आणि खोबरेल गोळा केलं. दारामागं विश्वजीतचे शर्ट टांगलेले होते. एकाचं बटण तुटलं होतं. बाई दिवसभर घरात असते आणि नवऱ्याचं एक बटण लावायला हिला सवड होत नाही, असं राजेश्वरीच्या मनात आलं. सोड्याच्या डब्याचं झाकण तिनं जरा जोरातच दाबलं.

तिचा स्वतःचा नवरा मुंबईला माथाडी कामात होता. यात्रेला आणि दिवाळीला यायचा, चार दिवस झोपायचा आणि परत जायचा. शिवांजलीचा माणूस रोज संध्याकाळी घरी येत होता. "आमच्यात यांना वांगं चालत न्हाई," असं ती सहज बोलून जायची आणि राजेश्वरीला वाटायचं, मागच्या जन्मी हिनं असं काय पुण्य केलं होतं?

शाम्पूच्या फेसानं दोघींनी गाडी वरून खाली चोळून काढली. खाकी झालेला पत्रा पुन्हा पांढरा दिसू लागला. पुढचे दिवे पिवळट पडले होते, ते टूथपेस्ट लावून राजेश्वरीनं फडक्यानं घासले. काचा जुन्या वर्तमानपत्रानं पुसल्या. शिवांजली मात्र काम कमी आणि बोलणं जास्त करत होती. उद्या कुठलं लुगडं नेसायचं, आहेर काय न्यायचा, गाडीत कोण कुठं बसणार.

"म्हातारी माणसं पुढं बसवा की, वैनी," राजेश्वरी म्हणाली. "तुमाला मागं काय होतंय?"

"न्हाई गं. यांच्या शेजारची जागा माझी."

पुसलेल्याच काचेवरून राजेश्वरीनं कागद पुन्हा एकदा फिरवला.

आतलं काम काढलं तेव्हा मात्र ती घाईनं म्हणाली, पुढचं मी करते, तुमी मागचं बघा. सीटवर सोडा भुरभुरून तो मुरेपर्यंत तिनं पायपुसणी झटकली. मग सीटखाली थेट ती सरकते त्या रुळापर्यंत हात घालून सगळं चाचपलं. शेंगांची टरफलं निघाली, एक वाळलेला गजरा निघाला. गजरा तिनं टरफलांबरोबर मुठीत चुरगाळून कचऱ्यात टाकला. जुन्या दातांच्या ब्रशनं एसीच्या फटी साफ केल्या, लिंबू फिरवलं, आणि शेवटी बोटभर खोबरेल लावून डॅशबोर्ड पुसला. तो आरशासारखा चमकायला लागला. उद्या ह्याच्यासमोर ही बाई नटून बसणार, हसणार. आपण मात्र भिंतीपलीकडं भाकऱ्या थापणार. तिला त्या चमकेचाच राग आला.

मागं केव्हापासून काहीच आवाज नव्हता. तिनं वळून पाहिलं, तर शिवांजली सीटवर नुसती बसून राहिली होती.

"दमला का, वैनी?"

शिवांजली खाली उतरली. पुढच्या दाराशी येऊन तिनं मूठ उघडली. तळव्यावर एक झुमका होता. सोन्याचा, खाली निळा खडा.

"मागच्या फटीत गावला," ती म्हणाली. "घे. तुझा हाय."

राजेश्वरीनं हातातलं फडकं डॅशबोर्डवर ठेवलं.

"मला दिवाळीपासनं म्हाईत हाय," शिवांजली म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "तू दवाखान्याला म्हणून सांगलीला जातीस, त्याच दिवशी ह्यांचीबी सांगलीची फेरी असती. आज आपणहून आलीस, तवा वाटलं, करू दे हिलाच साफ. उद्या माझ्या माहेरची माणसं बसणार हायेत ह्या गाडीत. तुझं तू घेऊन जा, आन् परत माझ्या दारात येऊ नगंस."

या दिवसासाठी राजेश्वरीनं मनात किती उत्तरं रचून ठेवली होती. पण ती झुमक्याकडंच बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला आणि तो घेतला. चांगला वजनदार होता, घडणही नाजूक. गावात बोभाटा होईल म्हणून विश्वजीतनं तिला आजवर साधी काचेची बांगडीसुद्धा घेऊन दिली नव्हती.

तिनं निळ्या खड्यावरून अंगठा फिरवला. हा झुमका तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.