मेइ ग्वान्शी

बाबा चार दिवस बाथरूममध्ये नळ सोडून एकच चिनी शब्द घोकत होते, "मेइ ग्वान्शी." आईला भलताच संशय आला. मी शाळेत चिनी शिकते म्हटल्यावर तपास माझ्याकडेच येणार ना!

"'काही हरकत नाही' असा अर्थ आहे. कुणी माफी मागितली की म्हणायचं," मी ऐटीत सांगितलं.

"अहो, या बाहेर! कोण ही माफी मागणारी?" आई कडाडली.

बाबा तोंड पुसत आले. "अगं, कारखान्यात नवं मशीन बसवायला चिनी इंजिनिअर आलाय. त्या मशीनमुळे माझी नोकरी जाणार, हे कळल्यापासून बिचारा रोज हात जोडतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "उद्या शेवटचा दिवस. नीट म्हणतोय ना गं मी?"