चिंचेने घासलेला कठडा

द्रौपदीबाईंनी चिंचेचा उरलासुरला कोळ नव्या पोलादी कठड्याला चोळला, मूठभर वाळू घेतली आणि तांब्याचा हंडा घासावा तसा तो खसाखसा घासला. समुद्रकाठच्या नव्या पायवाटेचं परवा उद्घाटन व्हायचं होतं. पन्नास पावलं कठडा आता आरशासारखा लखलखत होता. नगरपरिषदेत सफाईला लागून त्यांना दोनच महिने झाले होते. हे काम बघून आपल्याला नक्की कायम करतील, असं त्यांच्या मनात होतं.

इंजिनिअर साहेब आले आणि कठड्यावर बोट फिरवून ओरडले.

"बाई, काय केलंत हे! तो मळकट दिसतो ना, तो जस्ताचा थर. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला तोच सांभाळतो. आंबट लावून तुम्ही तोच खरवडलात! आता वर्षभरात गंजेल हा. उद्यापासून येऊ नका."

द्रौपदीबाई गोंधळल्या. मळकट ते चांगलं आणि लख्ख ते वाईट, हे त्यांना ना माहेरी कुणी शिकवलं होतं, ना सासरी.

तेवढ्यात नगराध्यक्ष पाहणीला आले. लखलखत्या कठड्यात बघून त्यांनी मिशी सारखी केली.

"वा, झकास! मग बाकीचा असा कळकट का, साहेब? परवापर्यंत सगळा असाच दिसला पाहिजे. या बाईंनाच लावा."

ते गेले. द्रौपदीबाईंनी पदराला हात पुसले.

"साहेब, मग मी उद्या येऊ का नको? आणि चिंच?"



"या," साहेब म्हणाले. "चिंचही आणा. फक्त आंबट नको."