पाहुण्याला पाणी
१९३४ साली नॉर्वेचा एरिक पाठीवर थैला बांधून हिंदुस्थान पायी पाहायला निघाला होता. मेडशीला पाय मुरगळला म्हणून तो तुळसाबाईंच्या ओसरीवर टेकला आणि पेरणीपासून सुगीपर्यंत तिथेच राहिला. मिरचीच्या ठेच्याने आता त्याच्या डोळ्यांत पाणी येत नसे. बैलही त्याची हाक ओळखू लागले होते. तरी घरच्यांवर आपला भार नको म्हणून एका सकाळी त्याने जड मनाने थैला उचलला. तेवढ्यात अनसिंगचे व्याही बैलगाडीतून दारात उतरले. तुळसाबाई चुलीपुढून ओरडल्या, “येरीक, उभा काहून राह्यला? पाहुन्याईले पानी दे!” “मावशी, मी बी पाहुनाच हाय,” तो हळूच म्हणाला. “तू कायचा पाहुना? पाहुन्यावर मी अशी खेकसते काय?” एरिक हसला. थैला खुंटीला अडकवून त्याने रांजणातून तांब्या भरला आणि व्याह्यांना म्हणाला, “बसा, घर आपलंच हाय.”